ऑरिनचं कोपर

आमच्या बेसबॉल संघाचं नाव हेरॉन्स, म्हणजे बगळे. त्या वर्षी एप्रिलात पेपरवाल्यांनी लिहिलं होतं की हे बगळे यंदाही एका पायावर उभे राहून दुसऱ्यांचा खेळ बघणार. मला राग आला होता, पण खोटं काय होतं त्यात? आदल्या वर्षी आम्ही शेवटून पहिले आलो होतो. मी, हॉलिस ट्रेव्हर्ट, सतरा वर्षं त्या संघाचा पिचिंग कोच. पिचर लोकांना चेंडू कसा टाकायचा ते सांगणं, त्यांनी ते न ऐकणं आणि मग हरल्यावर शिव्या मी खाणं, अशी ती नोकरी.

आणि मग तो उन्हाळा आला. आजही आठवतो तो दुपारच्या झोपेत पडलेल्या स्वप्नासारखा, कुठलं खरं आणि कुठलं मनाचं ते सांगता येत नाही. आमचं मैदान तळ्याला लागून. त्या वर्षी तळ्यावरून धुकं यायचं, तेही भर दुपारी. पाणपक्षी थव्याने मैदानात उतरायचे आणि खेळ चालू असताना गवतात निवांत उभे राहायचे. आम्ही मात्र जिंकत होतो. सेकंड बेसवरचा डेसमंड पायेट, ज्याला आम्ही आदल्या वर्षी फुकट द्यायला निघालो होतो आणि तरी कोणी घेतला नव्हता, तो रोज दोन-दोन हिट मारायला लागला. यादिएल नावाचा, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा आमचा कॅचर, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया, चेंडू कुठे येणार ते आधीच ठाऊक असल्यासारखा खेळायचा. का, कसं, कोणी विचारत नव्हतं. झोपमोड करायची कोणाची इच्छा नव्हती.

पण या सगळ्यांत अजब होता तो ऑरिन वेल्टकॅम्प.

ऑरिन चौतीस वर्षांचा. उजवं कोपर दोनदा फाटलेलं, दोनदा शिवलेलं. दुसऱ्यांदा शिवल्यावर दोन वर्षं तो बायकोच्या गावी शाळेची बस चालवत होता. कोणी बोलावलं नाही म्हणून तो स्वतःच फेब्रुवारीत आमच्या सरावाला येऊन उभा राहिला. पोरं त्याला 'आजोबा' म्हणायची. त्याच्या चेंडूला वेग नव्हता, घाईच नव्हती म्हणा ना. तो तरंगत यायचा आणि बॅट फिरवणारे भले भले, अंधारात नसलेली पायरी उतरायला जावं तसे, तोंडावर पडायचे. पोरगे हसून बेजार व्हायचे. "आजोबा, चेंडू टाकताय की पत्र पाठवताय?" यादिएल विचारायचा. "पत्रच. पण त्यांना वाचता येत नाही," ऑरिन म्हणायचा.

मेमध्ये एका सकाळी तो आणि मी मैदानात नुसते चालत होतो. ओल्या गवतात पक्षी होते. तो म्हणाला, "कोच, एक सांगू? हसायचं नाही."

"हसू यावं एवढा तू देखणा नाहीस. बोल."

"दोन्ही वेळा कोपर फाटलं ना, तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. दुखायला लागलं ते दुसऱ्या दिवशी. माझा हात मला वेळेवर सांगत नाही हो. पण तुम्ही दोन्ही वेळा आधी सांगितलं होतं."

सांगितलं होतं खरं. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला बघत आलोय. हात थकला की त्याचं कोपर खांद्याच्या रेषेपासून चार बोटं खाली येतं. चारच बोटं, पण मला दिसतात. दोन्ही वेळा मी ओरडून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा कोणी ऐकलं नव्हतं, तो स्वतः धरून.

"यंदा ऐकेन," तो म्हणाला. "कोपर खाली आलं की तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसायचं आणि म्हणायचं, बस. एवढंच. मी का म्हणून विचारणार नाही. कितवी इनिंग, किती धावा, काही बघणार नाही. चेंडू तुमच्या हातात देईन आणि अंघोळीला जाईन. तुम्ही गप्प असाल तर मी समजेन की हात ठीक आहे."

"फर्गसला सांगायचं?" फर्गस डून आमचा मॅनेजर.

"त्याला सांगितलं तर मला खेळवेल?"

"मुळीच नाही."

"मग झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला राहवलं नाही. विचारलं, "इतका आटापिटा कशासाठी रे? विक्रम-बिक्रम करायचाय का?"

तो थांबला. "इंगा चार वर्षांची आहे, कोच. चार वर्षांच्या पोराला पुढे काय आठवतं? काही नाही. तिला आठवेल तोवर खेळायचंय मला. अजून तीन वर्षं. बाबा मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू टाकायचा, एवढं तिच्या डोक्यात राहिलं की मी परत बस चालवायला मोकळा."

मी हो म्हणालो. हात मिळवला. त्याने उजवा पुढे केला तेव्हा मी मुद्दाम हळूच धरला. तो हसला.

त्या उन्हाळ्यात मी तीनदा 'बस' म्हणालो. जुलैत तर आम्ही पुढे होतो, चौथी इनिंग संपलेली; पिचरने पाच पुऱ्या केल्या की जिंकलेला सामना त्याच्या नावावर लागतो, म्हणजे अजून तिघंच बाद करायचे होते. मी जाऊन शेजारी बसलो, म्हणालो, "बस." त्याने चेंडू माझ्या हातात ठेवला आणि शीळ घालत आत गेला. वर गॅलरीतून लोकांनी माझा उद्धार केला. फर्गस म्हणाला, "म्हाताऱ्या, डोकं फिरलंय का तुझं?" फिरलं असेल. पण ऑरिनचा हात टिकला. सप्टेंबर आला तेव्हा तो चौदा सामने जिंकला होता आणि जे पेपरवाले आम्हाला बगळे म्हणाले होते ते त्याच्या बस चालवण्याच्या गोष्टी छापत होते.

आता तो रविवार.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, दुपारी एकचा सामना. पुढच्या फेरीत जायला आम्ही एका सामन्याने पुढे होतो. धुकं सकाळपासून होतं. पंचांनी दोनदा आपसांत कुजबूज केली, मग सुरू करा म्हणाले. दूरची भिंत दिसत नव्हती. धावफलक अर्धा दिसत होता. आवाजसुद्धा ओले होऊन यायचे, बॅटला चेंडू लागला की वाटायचं दुसऱ्याच कुठल्या तरी मैदानावर लागलाय.

पहिल्या इनिंगला तीन बाद, म्हणजे समोरच्यांची ती पाळी संपली. दुसरीत तीन. तिसरीत तीन. चौथी संपली तेव्हा माझ्या लक्षात आलं की समोरच्यांनी अजून एकही हिट मारलेला नाही, फटका मारून कोणी पहिल्या बेसपर्यंतही पोचलेला नाही. पाचवी संपली तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं, कारण बाकावर एकदम शांतता पसरली.

आमच्यात रीत आहे. पिचरचा नो-हिटर चालू असला, म्हणजे नऊ इनिंग एकही हिट न देता काढायची वेळ आली, की तो शब्द कोणी उच्चारायचा नाही. पिचरशी बोलायचं नाही. त्याच्या शेजारी बसायचं नाही. जो जिथे बसलाय त्याने तिथेच बसायचं. हसू नका. मोठे मोठे शिकलेले लोक पाळतात हे. यादिएलने तोंडातल्या बिया तिसऱ्या इनिंगपासून बदलल्या नव्हत्या, चघळून चघळून लगदा झाला असेल. माझा डावा पाय बधिर झाला होता, तरी मी हललो नाही.

मला तर ही रीत भाजून कळलेली. तेविसाव्या वर्षी मी छोट्या लीगमध्ये खेळायचो. आमच्या एका पिचरचा असाच चालला होता, आठवी इनिंग. मी लाडात येऊन म्हणालो, "अजून पाचच राहिले रे गड्या!" पुढच्याच चेंडूला हिट. संघ माझ्याशी आठ दिवस बोलला नाही. तो पिचर पुन्हा कधी तिथवर पोचला नाही. पुढे कुठे भेटला की मान फिरवायचा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसा मी चाळीस वर्षं फुंकत आलो.

सहावी इनिंग. धुकं आत आत येत होतं. पक्षी गवतात एका पायावर उभे. ऑरिनचे चेंडू त्या पांढऱ्यातून उगवायचे आणि यादिएलच्या ग्लोव्हमध्ये मावळायचे. मी खरं सांगतो, इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. वर तीस हजार माणसं होती आणि मला पाण्याच्या नळाचा थेंब ऐकू येत होता.

सातवी. पहिला बाद. दुसऱ्याला टाकताना मला दिसलं.

चार बोटं.

मी डोळे चोळले. पुढचा चेंडू, पुन्हा चार बोटं. तिसऱ्या बॅटरला तर पाच. दिसण्यात काही चूक नव्हती, तो माझ्यापासून पन्नास पावलांवर होता आणि धुकं मधे विरळ झालं होतं.

तीन बाद झाले. ऑरिन आला, बाकाच्या टोकाला बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार माणसांची जागा रिकामी. त्याने खांद्यावर टॉवेल घेतला. आणि मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

सरळ बघितलं. घाईत नाही. वाट बघितल्यासारखं.

उठायचं होतं मला. सात पावलं चालायची, बसायचं, एक शब्द. पाय बधिर होता ही सबब मी स्वतःला दिली. रीत आहे ही दुसरी सबब. खरं ते आता सांगतो, लाज वाटते तरी. मला तो नो-हिटर हवा होता. माझ्या हाताखालच्या एकाही पिचरने कधी केला नव्हता. या अजब उन्हाळ्याने सगळ्यांना काही ना काही दिलं होतं, मला वाटलं हे माझं. आणि सहा जणांचाच तर प्रश्न होता. सहा जणांत काय होतंय?

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. सुटलेली नव्हती. वर बघितलं तेव्हा ऑरिनने नजर समोर वळवली होती. त्याचा चेहरा निवांत होता.

फर्गस माझ्याकडे सरकला. रीत मोडू नये म्हणून ओठही न हलवता म्हणाला, "हात?" आणि दुसरा पिचर तयार ठेवायच्या फोनकडे भुवई उडवली.

मी मान हलवली. नको.

आठव्या इनिंगला अजबच झालं. कोपर खाली आल्यामुळे त्याचे चेंडू शेवटच्या क्षणी असे काही बुडायला लागले की तसे ते आयुष्यात कधी बुडले नव्हते. समोरच्या संघाचा सगळ्यात धिप्पाड बॅटर बॅट फिरवून गोल फिरला आणि गुडघ्यावर बसला. बसल्या बसल्या हसायला लागला. लोक उभे राहिले. यादिएल माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होता: हे काय टाकतोय हा? मला माहीत होतं काय टाकतोय. आतला धागा धागा उसवत होता आणि त्या उसवण्यातून ते चेंडू निघत होते. आठवीनंतर ऑरिनने माझ्याकडे बघितलंच नाही. बघायची गरज काय? त्याला उत्तर मिळालं होतं.

नववी. दोन बाद. शेवटच्याने चेंडू उंच उडवला, सरळ वर, आणि तो धुक्यात नाहीसा झाला.

सगळं थांबलं. तीस हजार तोंडं वर. चेंडू कुठेच नाही. डेसमंड पायेट हात पसरून, चार पावलं पुढे, दोन मागे, झोपेत चालल्यासारखा फिरत होता. एक पक्षी उडाला. मला वाटलं, तो चेंडू आता खाली येणारच नाही, आम्ही सगळे जन्मभर असेच वर बघत राहणार, आणि बरंच होईल ते. मग पांढऱ्यातून तो टपकला. डेसमंडच्या ग्लोव्हमध्ये.

जो गलका झाला तो काय सांगू. यादिएलने धावत जाऊन ऑरिनला उचललं. पोरांनी पाण्याची अख्खी टाकी त्याच्यावर ओतली. फर्गस, ज्याने उभ्या जन्मात कोणाला मिठी मारली नाही, त्याने मला मारली. "तुझा पोरगा!" तो ओरडत होता. "म्हाताऱ्या, तुझा पोरगा!" मी रडलो. आनंदानेच रडलो त्या वेळी, दुसरं काही नाही. विसरलो होतो हो मी. दहा मिनिटं चक्क विसरलो होतो.

उपचाराच्या खोलीत गेलो तेव्हा ऑरिन टेबलावर एकटाच बसला होता. ओला शर्ट अजून अंगात. डाव्या हाताने बटणं काढत होता. उजवा मांडीवर पडलेला, बोटं थोडी वाकडी.

"कोच," तो म्हणाला, "बोटं मिटत नाहीयेत."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

"यंदा लगेच कळलं. नवल आहे ना? शेवटचा चेंडू सुटला आणि आत काहीतरी उलगडलं, स्वेटर उलगडतो तसं." तो घाबरलेला नव्हता, चकित होता. "आता तिसऱ्यांदा शिवत नसतात. डॉक्टरने मागेच सांगितलंय."

"माहीत आहे."

"सातवीनंतर मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"हो."

"हात जड वाटत होता मला. पण तुम्ही गप्प होता, म्हटलं, म्हणजे ठीक असणार. मनाचे खेळ असतील." मग तोच पुढे म्हणाला, किती सांभाळून घेत म्हणाला, "धुकं होतं म्हणा. एवढ्या धुक्यात तुम्हाला तरी कुठून दिसणार."

दार होतं ते. उघडून दिलेलं. मी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"दिसलं मला," मी म्हणालो.

त्याचा हात बटणावर थांबला.

"सातवीतच. दुसऱ्या बॅटरला. चार बोटं."

"मग?"

"नो-हिटर चालू होता रे. बोलायचं कसं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बाहेर पोरं गात होती, बाटल्या फुटत होत्या. मला वाटलं चिडेल, काहीतरी फेकून मारेल. मारायला हवं होतं.

"सगळे गप्प होते," तो शेवटी म्हणाला. "ते ठीकच. पण मी तुम्हाला सगळ्यांत धरलं नव्हतं, कोच."

"मी म्हणालो असतो तर उतरला असतास? आठवीच्या तोंडावर?"

"उतरलो असतो. म्हणून तर बघितलं."

एवढंच बोलला तो. ओरडला असता तर मला झोप लागली असती त्या वर्षी.

तेवढ्यात दार ढकलून त्याची बायको आत आली, मारित नाव तिचं. डोळे रडून लाल, तोंडभर हसू. खांद्यावर इंगा, गाढ झोपलेली, एक पायमोजा गळून गेलेला. मारितने ऑरिनचा मुका घेतला, मग माझा गाल ओढला. "बघितलंत ना, कोच? सगळं बघितलंत ना?"

"सगळं बघितलं," मी म्हणालो.

"ही बघा महाराणी. सहाव्या इनिंगलाच झोपली. केवढा आरडाओरडा झाला, तरी कूस बदलली नाही!" ती हसत म्हणाली. "पण आता काय, पुढच्या वर्षी बघेलच. आणि मोठी झाली की आजचं तुम्हीच सांगायचं तिला. ऑरिन काही नीट सांगणार नाही, त्याला स्वतःचं कौतुक जमत नाही."

ऑरिनने डावा हात पसरून पोरीला घेतलं. तिचं डोकं खांद्यावर ठेवलं. मारितला त्याने तोवर काही सांगितलं नव्हतं. माझ्याकडे बघितलंही नाही.

"सांगेन," मी म्हणालो.

पुढच्या फेरीत आम्ही गेलो आणि तीन दिवसांत हरलो. स्वप्न मोडतं तसं मोडलं, कोणाला फारसं वाईटही वाटलं नाही. ऑरिन त्यानंतर खेळला नाही. तो त्याच गावी असतो, बस चालवतो. नाताळाला त्याचं कार्ड येतं, डाव्या हाताने लिहिलेलं, आता अक्षर चांगलं वळलंय. त्या दिवसाबद्दल त्यात कधी एक ओळ नसते.

इंगा आता सोळाची आहे. परवा तिचा फोन आला होता. शाळेसाठी काहीतरी लिहायचं होतं तिला, वडिलांच्या त्या सामन्याबद्दल. "बाबा म्हणतो, सगळं कोचना विचार, त्यांनी जवळून बघितलंय," ती म्हणाली. "मला काहीच आठवत नाही हो. मी झोपले होते."

मी तिला धुक्याबद्दल सांगितलं. पक्ष्यांबद्दल सांगितलं, हसत गुडघ्यावर बसलेल्या त्या बॅटरबद्दल, वर जाऊन नाहीशा झालेल्या चेंडूबद्दल. ती भराभर लिहून घेत होती. मग म्हणाली, "आणि हात? हात कधी गेला त्याचा? कोणाला कळलं नाही का?"

मी फोन धरून उभा होतो. सात पावलं नव्हती, एकही पाऊल नव्हतं.

"कोच? ऐकताय ना?"

"धुकं फार होतं गं," मी म्हणालो.